हवं होतं नेरूळ, उघडलं नेरळ: सारख्या नावांच्या पानांचा घोळ कसा सोडवायचा

समस्या अशी. वाचक विकीच्या शोधखिडकीत नाव टाकतो, पान उघडतं, आणि ते भलत्याच गावाचं निघतं. तक्रार आली की आपण ते तेवढं दुरुस्त करतो. पंधरा दिवसांनी दुसऱ्या नावाची तीच तक्रार. आमच्याकडे हे दोन वर्षं चाललं होतं. विकी तसा लहान. ठाण्यातली आणि नवी मुंबईतली आम्ही सहा-सात माणसं तलाव, गावठाणं, नाके, बसथांबे, जुनी देवळं यांची माहिती मीडियाविकीवर, म्हणजे विकिपीडिया ज्या प्रणालीवर चालतो तिच्यावर, लिहितो. पानं साडेसहाशेच्या आसपास. एवढ्याशा पसाऱ्यात माणूस हरवतो हे मला पटतच नव्हतं.

पटलं ते एका काकूंमुळे. नौपाड्यातल्या एका वाचनालयात आम्ही लोकांना विकी दाखवायला बसलो होतो. काकूंनी विचारलं, तुर्भ्याच्या बाजाराचं काही आहे का? म्हटलं, आहे ना, शोधा. त्यांनी एका बोटाने सावकाश 'तुर्भे' लिहिलं, भिंगावर टिचकी मारली, चष्मा कपाळावर सरकवून फोन डोळ्यांजवळ नेला आणि वाचू लागल्या. अर्ध्या मिनिटाने म्हणाल्या, "अहो, मला मार्केट हवंय. हे अणूचं काय लिहिलंय?"

उघडलं होतं ते ठाणे खाडीच्या मुंबईकडच्या काठावरचं तुर्भे, ज्याला आता बहुतेक लोक ट्रॉम्बे म्हणतात. पानात चूक काहीच नव्हती. मराठीत त्या गावाचं नाव तुर्भेच, आणि भाभा अणुसंशोधन केंद्रही तिथलंच. काकूंना हवं होतं ते सानपाडा आणि कोपरखैरण्याच्या मधलं तुर्भे. त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी विसरलेलो नाही. मागे गेल्या, पुन्हा तेच नाव तितक्याच सावकाश लिहिलं, पुन्हा तेच पान आलं, आणि "नसेल तुमच्याकडे" म्हणून फोन बाजूला ठेवला. पान होतं हो. 'तुर्भे (नवी मुंबई)' नावाने, बाजाराच्या वेळांसकट.

शोध बिघडलेला नसतो

आमच्यातल्या सगळ्यांचा पहिला निष्कर्ष एकच होता: शोध भिकार आहे, चांगलं विस्तारक (विकीला जोडायची जादा सोय) बसवा. मी दोन शनिवार-रविवार त्यात घालवले. फुकट गेले.

खरं कारण साधं आहे. शोधखिडकीत लिहिलेल्या नावाचं तंतोतंत पान असेल तर मीडियाविकी निकालांची यादी दाखवतच नाही, थेट त्या पानावर नेऊन सोडतो. ज्याला नेमकं तेच पान हवंय त्याच्यासाठी ही सोय आहे. एका नावाची दोन गावं असली की त्याच सोयीचा सापळा होतो, कारण दुसरं गाव अस्तित्वात आहे याचा वाचकाला सुगावाही लागत नाही. टाइप करताना खाली सुचवण्या येतात हे खरं, पण नाव पूर्ण लिहून एंटर मारणारा माणूस त्या वाचत नाही. काकूंनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तेव्हा तक्रार आली की आधी एवढंच बघा: वाचकाने लिहिलेलं नाव जसंच्या तसं स्वतः टाका. थेट पान उघडलं, तर इलाज त्या पानावर करायचा. निकालांची यादी आली, किंवा 'असे पान नाही' आलं, तर भानगड बहुधा लेखनाची आहे. ती पुढे येते. या दोन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत आणि आम्ही कित्येक महिने एकाचं दुसऱ्याला देत होतो.

पाटी वाचक उतरतो तिथे

काकूंचा किस्सा झाल्यावर मी घरी येऊन 'तुर्भे (नामसाधर्म्य)' असं झकास पान बनवलं. दोन्ही तुर्भे, दोघांचे दुवे, नकाशाही. महिनाभराने पाहिलं तर त्या पानावर माझ्याशिवाय कुणी फिरकलं नव्हतं. फिरकणार कसं? शोधखिडकीत कंस टाकून 'नामसाधर्म्य' लिहिणारा माणूस जन्माला यायचाय. मराठी विकिपीडियावर अशा पानांना निःसंदिग्धीकरण पानं म्हणतात. तो शब्द तर संपादकांनाही एका दमात लिहिता येत नाही.

सूचना हवी ती चुकून उघडलेल्या पानाच्या अगदी माथ्यावर, चित्राच्या आणि माहितीचौकटीच्याही आधी. फोनवर पहिल्या नजरेत जेवढं दिसतं तेवढ्यातच ती बसली पाहिजे. ट्रॉम्बेच्या पानावर आता ही ओळ आहे:

''हे पान मुंबईतल्या तुर्भ्याचं, म्हणजे ट्रॉम्बेचं आहे. बाजारपेठेचं तुर्भे हवं असेल तर [[तुर्भे (नवी मुंबई)]] पाहा.''

दोन वाक्यं, बस्स. तुम्ही कुठे आहात ते पहिल्यात, कुठे जायचं ते दुसऱ्यात. 'इतर उपयोगांसाठी पाहा' ही छापील ओळ आम्ही सगळीकडून काढली. तुर्भ्याचे उपयोग काय, असं एकाने मला खरोखर विचारलं होतं. ओळखही माणसं ज्या खुणेने गाव ओळखतात तिनेच द्यावी. 'महानगरपालिका क्षेत्रातील उपनगर' म्हटल्याने काकूंना काही उलगडलं नसतं. 'बाजारपेठेचं' म्हटलं की काम झालं.

हीच ओळ वारंवार लागते म्हणून तिचा साचा, म्हणजे कुठल्याही पानावर घालता येणारा तयार तुकडा, करून ठेवा. पण साच्यात फक्त तिरपी अक्षरं आणि समास ठेवा, वाक्य ज्या-त्या पानासाठी हाताने लिहा. आम्ही आधी वाक्यही साच्यात घातलं होतं, त्यामुळे 'वाशी' आणि 'बेलापूर' यांचं सामान्यरूप कुठेच बसेना. 'वाशी बद्दल', 'बेलापूर बद्दल' असली शासकीय मराठी झाली.

बिनकंसाचं नाव कुणाला

वादावादी होते ती इथे. एका नावाच्या दोन पानांपैकी एकाला नुसतं नाव मिळतं, दुसऱ्याला कंस लागतो. धाराशिव जिल्ह्यात वाशी नावाचा तालुका आहे. बेलापूर नावाचं रेल्वे स्टेशन श्रीरामपूरजवळ दौंड–मनमाड मार्गावर आहे, आणि तिकडच्या माणसाला 'बेलापूर' म्हटल्यावर आपलं सीबीडी आठवण्याचं काही कारण नाही. आमचा वाचक ठाणे खाडीच्या दोन काठांवरचा, म्हणून नुसतं 'वाशी' आणि नुसतं 'बेलापूर' आम्ही नवी मुंबईला दिलं आणि माथ्यावर ओळ टाकली. अख्ख्या महाराष्ट्रासाठी लिहिणाऱ्या विकीवर हाच निर्णय दादागिरी ठरेल. नियम हवाच असेल तर असा: दहा वाचकांपैकी आठ-नऊ जणांना एकच गाव अभिप्रेत असेल तर नुसतं नाव त्या गावाला. मामला निम्मा-निम्मा असेल तर कुणालाच नको. नुसत्या नावाने यादी उघडू दे.

तुर्भ्याच्या बाबतीत आम्ही उलटा निर्णय घेऊन बसलो होतो, कारण ट्रॉम्बेचं पान आधी लिहिलं गेलं होतं. आधी आला त्याची खिडकी, हा लोकलमधला न्याय विकीवर चालवू नका. आता ते पान 'तुर्भे (मुंबई)' या नावावर स्थानांतरित करायचं, म्हणजे त्याचं शीर्षक बदलायचं, ठरलंय. ते होईपर्यंत वरच्या ओळीवर भागतंय.

'सेक्टर १०' हे नाव मात्र कुणालाच देता येत नाही. वाशीत सेक्टर १०, नेरूळला सेक्टर १०, ऐरोलीत, कोपरखैरण्यात, खारघरला, सगळीकडे सेक्टर १०. नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने प्रत्येक नोडमध्ये, म्हणजे वाशी, नेरूळ अशा प्रत्येक उपनगरात, आकडे पहिल्यापासून मोजले. रिक्षावाल्याला नोड सांगावाच लागतो, तसा पानालाही. आम्ही 'वाशी सेक्टर १०' असं नोड पुढे ठेवून लिहितो, कंस नाही. बोलतात तसंच शीर्षक ठेवलं की लोक ते आपणहून टाइप करतात. ठाण्यातला गोखले रोड आणि राम मारुती रोड यांना मात्र कंसाशिवाय इलाज नाही, कारण दादरलाही दोन्ही आहेत आणि 'ठाणे गोखले रोड' असं कुणी म्हणत नाही.

कंसात काय घालायचं याचा एक धडा आम्हाला महागात पडला. 'वाडा (ठाणे जिल्हा)' असं पान कुणीतरी जुन्या टिपणांवरून केलं होतं. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा वेगळा झाला आणि वाडा तालुका तिकडे गेला. म्हणजे कंस जन्मतःच शिळा. उस्मानाबादचं धाराशिव झालं, अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तेव्हाही हीच पळापळ. आता जिल्हा टाळता आला तर टाळतो; जवळचं मोठं गाव किंवा 'तालुका' एवढंच लिहितो. पान हलवावंच लागलं तर स्थानांतरण करताना मागे पुनर्निर्देशन (जुन्या नावावरून वाचकाला आपोआप नव्या पानावर नेणारी ओळ) ठेवायची खूण काढू नका, म्हणजे जुने दुवे मरत नाहीत.

यादीचं पान लिहिताना

दोनच पानं असतील आणि नुसतं नाव त्यातल्या एकाला दिलेलं असेल तर वेगळी यादी नकोच, एकमेकांच्या माथ्यावरच्या ओळी पुरतात. तीन झाली की यादी. 'दिवा' घ्या:

* [[दिवा (रेल्वे स्थानक)]] – मुंब्र्यानंतर येतं ते, मध्य रेल्वेवरचं
* [[दिवा (ऐरोली)]] – ऐरोलीतलं गाव
* [[दिवा (वस्तू)]] – समई, निरांजन, पणती यांविषयी

एका ओळीत एकच दुवा, तोही ओळीच्या सुरुवातीला, आणि कंस झाकायचा नाही. इथे कंसच तर वाचायचाय. इतिहास, लोकसंख्या, फोटो काही नको. आमच्यातल्या एकाने हौसेने समईचा फोटो चढवला होता. लोक त्यावर टिचकी मारून फोटोच मोठा करून बघत बसले.

नाव सारखं नाही, सारखं वाटतं

शीर्षकातलं नेरळ-नेरूळ हे वेगळं प्रकरण आहे. नेरळ कर्जत तालुक्यातलं, माथेरानची छोटी गाडी सुटते ते. नेरूळ आपलं, नवी मुंबईतलं. ठाण्याहून एक गाठायचं तर कर्जत लोकल, दुसरं गाठायचं तर ९ किंवा १० नंबरवरून ट्रान्सहार्बर. चुकीच्या गाडीत बसलात तर बदलापूर येईपर्यंत कळतही नाही. इथे कंसाचा प्रश्नच नाही, दोन्ही नावं आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त फोनच्या कीबोर्डवर 'ने' आणि 'र' लिहिलं की जी सुचवण पहिली येते तिच्यावर बोट पडतं. दोन्ही पानांच्या माथ्यावर 'नेरूळशी गल्लत करू नका' आणि 'नेरळशी गल्लत करू नका' अशा उलटसुलट ओळी टाकल्या. आमच्याकडे सर्वाधिक तक्रारी या जोडीच्या होत्या. त्या थांबल्या.

उरलं 'नेरुळ', ऱ्हस्व रु घालून. हे लेखन इतकं रुळलेलं आहे की त्याला चूक म्हणण्यात अर्थ नाही. त्या नावाचं पान करून त्यात एकच ओळ लिहायची:

#पुनर्निर्देशन [[नेरूळ]]

विकीची भाषा मराठी ठेवलेली असेल तर हा मराठी शब्द चालतो. मीडियाविकीचा मूळ शोध इंग्रजीतल्या लहान-मोठ्या अक्षरांचा फरक आपणहून पोटात घालतो, आपल्या ऱ्हस्व-दीर्घाला मात्र माफी नाही. म्हणून गावाच्या नावात इकार-उकार असेल तर पान बनवतानाच दुसरं लेखन पुनर्निर्देशित करून टाका. तसंच लोकांच्या तोंडचं नाव: मासुंदा तलाव पाटीवर असेल, माणसं शोधतात 'तलावपाळी'. 'तलाव पाळी' असं तोडूनही शोधतात. दोन्ही करा.

डोळ्यांना न दिसणारा फरक

आता ज्यात माझे सर्वात जास्त तास गेले ते. वाचक म्हणतो पान सापडत नाही, तुम्ही म्हणता आहे, आणि दोघंही खरं बोलत असता. अक्षरं दिसायला तीच, संगणकाच्या लेखी वेगळी.

'वऱ्हाडी खाणावळी' असं आमचं एक पान आहे. त्यातला अर्धा र दोन प्रकारे लिहिता येतो: वऱ्हाडी आणि वर्‍हाडी. पहिल्यात ऱ हे स्वतंत्र अक्षर आहे, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर तीळभर फरक दिसत नाही. पान एकाने लॅपटॉपवर केलं होतं, शोधणारा फोनवर. 'ॲ'चं तेच: नवे कीबोर्ड एकच अक्षर देतात, जुन्या मजकुरात 'अ' आणि त्यावर चंद्र अशी दोन असतात. युनिकोडमध्ये हा एकसंध ॲ २००८ साली आला, त्यामुळे त्याआधीचं बरंच लिखाण दुसऱ्या पद्धतीचं आहे. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम हा तर घरोघरचा रोग. 'दुःख' आणि 'दु:ख' ही विकीसाठी दोन पानं. शिवाय अपूर्णविरामाआधीचा भाग नामविश्व (पानांच्या प्रकाराचं नाव, जसं 'सदस्य:' किंवा 'साचा:') आहे का हे विकी तपासायला जातो, म्हणून शीर्षकात तो नकोच. आकड्यांचंही तसंच. 'सेक्टर १०' मधला दहा देवनागरीत लिहिलेला आणि इंग्रजी आकड्यांत लिहिलेला, ही दोन वेगळी शीर्षकं. नवी मुंबईवाल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

तपासायची माझी पद्धत गावठी आहे पण चुकत नाही. धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, दोन्ही रूपं दुहेरी चौकटी कंसात एकाखाली एक ठेवायची: एक पानाच्या शीर्षकातून नक्कल करून, दुसरं वाचकाच्या संदेशातून. स्वतः टाइप करायचं नाही, नाहीतर तुमचा कीबोर्ड तुमच्याच सवयीचं लिहील. झलक बघायची. निळा दुवा म्हणजे पान आहे, लाल म्हणजे नाही; एक निळा आणि एक लाल आला तर अक्षरं वेगळी आहेत. लाल असलेल्याचं पुनर्निर्देशन करून टाका. दोन्ही निळे आले तर आधी आनंद होतो. होऊ देऊ नका, दोन्हींवर टिचकी मारून बघा. आमच्याकडे 'वऱ्हाडी खाणावळी'ची चक्क दोन पानं निघाली, दोघांनी आठ महिने वेगवेगळी वाढवलेली. एकात पत्ते नवे, दुसऱ्यात थाळीचे भाव नवे. ती एकत्र करताना एक अख्खी संध्याकाळ गेली.

दुरुस्तीनंतरची झाडलोट

पुनर्निर्देशनाचं पुनर्निर्देशन करू नका. श्रीस्थानक हे ठाण्याचं शिलालेखांतलं जुनं नाव. आमच्याकडे ते 'ठाणा'कडे जायचं आणि 'ठाणा' पुढे 'ठाणे'कडे. विकी एकच उडी मारतो, दुसरी मारत नाही. वाचक 'ठाणा' नावाच्या ओक्याबोक्या पानावर अडकून राहायचा. विशेष पानांत दुहेरी पुनर्निर्देशनांची यादी मिळते. पान हलवलं की ती एकदा बघायचीच.

आणि नुसतं नाव यादीला दिलंत तर त्या नावाकडे येणारे जुने दुवे आता यादीवर येऊन पडतात. 'गोखले रोड' आम्ही यादीला दिला आणि नौपाड्याच्या दुकानांच्या सगळ्या पानांवरून वाचक दादर की ठाणे या चौकात येऊन उभा राहू लागला. डाव्या बाजूच्या 'येथे काय जोडले आहे' मधून एकेक पान उघडून दुवा नेमका करावा लागतो. लिहिण्याचा त्रास वाचवायला [[गोखले रोड (ठाणे)|]] असं उभी रेघ देऊन मोकळं सोडा. जतन करताना विकी कंस गाळून दिसणारं नाव स्वतः भरतो. मला हे चार वर्षांनी कळलं. तोवर मी सगळं हाताने लिहीत होतो.

बाकी सगळं मार्गी लागलंय, फक्त 'कोपरी' लटकलंय. एक कोपरी ठाणे पूर्वेचं, एक वाशीजवळचं गाव. ठाण्याची मंडळी म्हणतात आमच्या कोपरीचा पूल साऱ्या मुंबईला ठाऊक, नवी मुंबईची म्हणतात गाव आमचं मूळचं. चर्चापानावर गेले तीन आठवडे सविस्तर भांडण चालू आहे. तोपर्यंत 'कोपरी' टाकलंत तर दोन ओळींची यादी उघडेल. वरची ओळ कुणाची, यावरही कालपासून उलटापालट सुरू झाली आहे, म्हणून मी ते पान आठवडाभर कुलूपबंद केलंय.